संगणक लॅबची नियमावली नव्यानं लिहितोय, तुमचे अनुभव हवेत

लॅबकर (धागाकर्ता), सोमवार रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. विद्यापीठाच्या एका विभागात मी १४ वर्षं लॅब असिस्टंट आहे. ४० मशिनं, एक प्रिंटर, आणि दारावर लॅमिनेट करून चिकटवलेला नियमांचा कागद. त्यावर १९ कलमं आहेत. परवा नीट वाचली, तर त्यातली १७ 'नये'नं संपतात. पेनड्राइव्ह लावू नये, चप्पल घालून आत येऊ नये, सेटिंग बदलू नये, वैयक्तिक काम करू नये. का करू नये, हे एकाही ओळीत सांगितलेलं नाही. विभागप्रमुखांनी पुढच्या सत्रासाठी हा कागद नव्यानं लिहायला सांगितलाय. एरवी मी जुनाच कागद थोडा इकडेतिकडे करून दिला असता. पण गेल्या महिन्यात एक प्रकार घडला आणि तो माझ्या डोक्यातून जात नाही.

एमए पहिल्या वर्षाची एक मुलगी. घरी संगणक नाही, रोज तालुक्याहून एसटीनं येते. संध्याकाळी साडेपाचला १७ नंबरच्या मशिनवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. मेल उघडी, कागदपत्रं चढवणं चालू, आणि वीज गेली. त्या रांगेला यूपीएस नाही. पडदा काळा झाला, तिची सहाची गाडी होती, ती निघाली. मशिन बंद पडलं म्हणजे सगळं बंद झालं असं तिला वाटलं. कुणालाही वाटेल. वीस मिनिटांनी वीज आली, कुणीतरी तेच मशिन चालू केलं, ब्राउझर उघडला आणि तिची मेल थेट उघडली. वीज गेली म्हणून काही लॉगआउट होत नाही. एकदा लॉगिन केल्याची खूण ब्राउझर डिस्कवर जपून ठेवतो. त्या रात्री तिच्या पत्त्यावरून वर्गातल्या ६२ जणांना एक अत्यंत घाण मेल गेली.

दुसऱ्या दिवशी चौकशी. माझ्याकडे नोंदी मागितल्या. विंडोजच्या नोंदीत वापरणाऱ्याचं नाव होतं 'स्टुडंट'. सगळ्याच मशिनांवर तेच नाव आणि तोच पासवर्ड, मॉनिटरच्या कडेला कागदावर चिकटवलेला. लॅबच्या नोंदवहीत १७ नंबरपुढे तिच्यानंतर एक सही होती, ती कुणालाच लागली नाही. मग प्रश्न आला, 'मॅडम, तुम्ही लॉगआउट का केलं नाही?' आणि तिला कलम ११ वाचून दाखवलं: 'खाते उघडे राहिल्यास संपूर्ण जबाबदारी विद्यार्थ्याची राहील.' ते कलम मीच टाइप केलेलं आहे. ती मान खाली घालून उभी होती. मी शेजारी उभा होतो आणि मला काहीच बोलता आलं नाही.

तेव्हा मला नियम असे लिहायचेत की ज्यांचं कारण वाचणाऱ्याला कळेल. आणि जो भार लॅबनं उचलायचा, तो नियमात घालून पोरांच्या डोक्यावर टाकायचा नाही. तुमच्या लॅबमध्ये काय होतं, काय उपयोगी पडलं, कशाचा त्रास झाला, सगळं सांगा.

माळरान, सोमवार रात्री १०.१५

दादा, त्या मुलीच्या जागी मी असू शकलो असतो. २०१२ ते १४ मी असाच एका विद्यापीठात होतो आणि लॅबमधलं मशिन हाच माझा एकमेव संगणक होता. म्हणून सगळ्यात आधी 'वैयक्तिक काम करू नये' यावर बोलतो.

आमच्याकडेही हे कलम होतं. पण परीक्षेचा अर्ज, वसतिगृहाचा अर्ज, शिष्यवृत्ती, नोकरीची जाहिरात, स्पर्धा परीक्षेचं प्रवेशपत्र, हे सगळं ऑनलाइन. बाहेर सायबर कॅफेवाला अर्ज भरायचे ५० रुपये घ्यायचा, फोटो छोटा करून द्यायचे वेगळे. मी लॅबमध्ये अर्ज भरायचो तो कुणी बघत नाही ना, हे पाहत पाहत. दारात पावलं वाजली की खिडकी खाली करायची. त्या घाईत एकदा जातीच्या दाखल्याचा नंबर चुकला आणि तो अर्ज बाद झाला. वर्षाची शिष्यवृत्ती गेली. चूक माझीच होती, पण ती चोरासारखं बसावं लागल्यामुळे झाली.

ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याला हे कलम लागतच नाही, तो वैयक्तिक काम घरी करतो. ते लागतं फक्त आमच्यासारख्यांना. कृपा करून लिहा की अर्ज, शिष्यवृत्ती, नोकरीचं काम इथं करता येईल. प्रॅक्टिकलच्या वेळेत प्रॅक्टिकलवाल्यांचा हक्क आधी, हे कुणीही मान्य करेल.

लॅबकर, सोमवार रात्री १०.३२

माळरान, हे पहिलं कलम असेल. तुमच्या शिष्यवृत्तीचं वाचून फार वाईट वाटलं.

जुना_टर्मिनलवाला, मंगळवार सकाळी ६.५०

निवृत्त प्राध्यापक आहे. आमच्या काळातले काही नियम आज कागदावर उरलेत, त्यांची कारणं मात्र गेली. चपलांचंच घ्या. आमच्या पिढीतली मशिनं धुळीला फार नाजूक होती. सव्वापाच इंची फ्लॉपीचा आतला भाग खाचेतून उघडा दिसायचा, त्यावर धुळीचा कण बसला की ३६० केबीची सगळी फ्लॉपी वाया. म्हणून चपला बाहेर, जाड पडदे, बंद खिडक्या. आज धूळ त्रास देते ती पंख्यात आणि हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर, साचून, मशिन तापून. त्याला उपाय दर सत्राला ब्लोअर मारणं. चपला काढायला लावायच्या असतील तर लावा, पण मग बाहेर मांडणी द्या आणि पावसाळ्यात ओल्या मोज्यांनी पोरं बसणार नाहीत हे बघा.

दुसरी गोष्ट पासवर्डची. २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यानं एमआयटीतल्या एका संगणकावरून एक छोटा प्रोग्रॅम सोडला. तो स्वतःची प्रत काढत एका मशिनवरून दुसऱ्यावर जायचा. एखाद्या मशिननं 'माझ्याकडे आधीच प्रत आहे' असं उत्तर दिलं, तरी सातातून एकदा तो तिथं पुन्हा बसायचा. त्या एका आकड्यानं घात केला. मशिनांवर प्रतींचा ढीग झाला आणि ती ठप्प झाली. त्या वेळच्या अंदाजानुसार सुमारे ६,००० संगणक बाधित झाले. आम्ही ही बातमी नंतर कुठल्यातरी मासिकात वाचली, तेव्हा मला धक्का बसला तो एका बारीक तपशिलाचा. त्या प्रोग्रॅममध्ये ४३२ नेहमीच्या शब्दांची यादी होती. त्या शब्दांनी आणि वापरणाऱ्याच्या स्वतःच्या नावानं तो पासवर्ड ओळखायचा, आणि खूप ठिकाणी तो बरोबर ओळखायचा.

आज आपल्याकडे विद्यार्थ्याला खातं देताना रोल नंबर हे नाव आणि जन्मतारीख हा पासवर्ड देतात. वर्गातल्या ६० जणांना एकमेकांच्या जन्मतारखा माहीत असतात, त्या दिवशी केक कापलेला असतो. स्वतंत्र लॉगिन देणार असाल, तर पहिल्याच वेळी पासवर्ड बदलल्याशिवाय पुढं जाता येणार नाही अशी सोय करून द्या. मॉरिसला तीन वर्षांची प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. नासधूस करायचा त्याचा हेतू नव्हता असं तो सांगत राहिला, आणि मला ते खरं वाटतं. विद्यार्थ्यांना ही गोष्ट जरूर सांगा. 'करून तर बघू' म्हणून केलेल्या प्रयोगाचं काय होतं, ते त्यांना यातून कळतं.

बोरीबंदर, मंगळवार सकाळी ११.०५

सर, प्रतिसाद आवडला. मी नेटवर्क सुरक्षेत काम करतो. लॅबकर, तुमच्या प्रकरणात मुळातला दोष सामायिक लॉगिनचा आहे, आणि तो नियमानं सुटणारा नाही. तो सर्व्हर लावूनच सुटेल. हा प्रश्न विद्यापीठांनी चाळीस वर्षांपूर्वीच ओळखला होता. एमआयटीनं १९८३ साली प्रोजेक्ट अथेना सुरू केला, त्यात कुठल्याही विद्यार्थ्यानं कुठल्याही मशिनवर बसावं आणि त्याला आपलंच खातं मिळावं, अशी कल्पना होती. त्यातून कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत आली, जिच्यात पासवर्ड नेटवर्कवरून फिरतच नाही. आज विंडोजच्या डोमेन लॉगिनमागे, म्हणजे एकाच सर्व्हरवरून सगळ्या मशिनांना मिळणाऱ्या लॉगिनमागे, तीच पद्धत चालते. तुमच्या ४० मशिनांना एक साधा सर्व्हर पुरेल. लिनक्सवर केलं तर परवान्याचा खर्चही नाही.

कायद्याचं थोडक्यात. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. हे कलम २००८ च्या दुरुस्तीनं आलं. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं, त्यातली माहिती पळवणं किंवा खराब करणं, हे कलम ४३ मध्ये आहे, आणि तेच लबाडीनं केलं तर कलम ६६ लागतं. शिवाय सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, त्यात सरकारी संस्थाही येतात: नोंदी १८० दिवस जपायच्या आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. १८० दिवस 'स्टुडंट, स्टुडंट, स्टुडंट' एवढंच जपून ठेवण्यात काय अर्थ आहे, हे तुमच्या प्रमुखांना दाखवा. पैसे मंजूर व्हायला याचा उपयोग होईल.

मात्र कलमांची यादी दारावर लावून भीती घालू नका. एकच ओळ पुरे.

आणि नोंदी ठेवताय, तर काय काय नोंदवलं जातं ते विद्यार्थ्यांना आधी सांगा. कोण, कुठल्या मशिनवर, किती ते किती, कुठल्या संकेतस्थळावर गेला, एवढं दिसतं. मेलमधला मजकूर आम्ही वाचत नाही. हे लिहून ठेवलं की संशय राहत नाही. बऱ्याच मुलांना वाटतं, ब्राउझरची खाजगी विंडो (इन्कॉग्निटो) उघडली की कुणालाच काही कळत नाही. खाजगी विंडोचा फायदा एवढाच की ती बंद केली की त्या मशिनवर लॉगिन उरत नाही. विद्यापीठाच्या नेटवर्कवर नोंद व्हायची ती होतेच. लॅबमध्ये मेल बघायला मी ती जरूर वापरायला सांगेन, पण तिचा खरा उपयोग सांगून.

चाफेकळी, मंगळवार दुपारी २.२०

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात ई-संसाधनं बघते. एक कलम आमच्याकडून घ्या, कारण हे लॅबमध्येच घडतं आणि निस्तरावं लागतं आम्हाला.

प्रकाशक आपल्याला ओळखतो तो आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या आपल्या नंबरावरून. कॅम्पसमधली हजारो माणसं त्याला दोन-चार पत्त्यांच्या आड दिसतात. एखाद्या विद्यार्थ्यानं प्रोग्रॅम लावून रात्रभरात एका नियतकालिकाचे सगळे अंक उतरवायला घेतले की प्रकाशकाकडची यंत्रणा तो पत्ता बंद करते. एका माणसाचा नाही, सगळ्या कॅम्पसचा. आमच्याकडे एकदा असं झालं ते शुक्रवारी रात्री. सोमवारी सकाळी दारात पीएचडीचे सात-आठ विद्यार्थी उभे. एकीला त्याच आठवड्यात प्रबंधाचा गोषवारा द्यायचा होता. प्रकाशकाशी पत्रव्यवहार, कोण होतं ते शोधा, पुन्हा असं होणार नाही असं लिहून द्या. पाचव्या दिवशी दार उघडलं. ज्यानं केलं तो मुलगा रडकुंडीला आला होता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. त्याला वाटलं विद्यापीठानं पैसे भरलेत, मग हवे तितके घ्यायला काय हरकत आहे.

आता एक राष्ट्र एक सदस्यता ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून जास्त सरकारी संस्थांसाठी, तीन वर्षांचे ६,००० कोटी. ज्या छोट्या महाविद्यालयांनी अशी नियतकालिकं कधी पाहिलीच नव्हती, तिथल्या पोरांपर्यंत ती पोचतायत. त्यामुळे हे आता जास्त मोलाचं झालंय. कलम असं लिहा: 'लागतील ते लेख उतरवा, वाचा, जपून ठेवा. प्रोग्रॅम लावून अख्खे अंक उतरवू नका, त्यानं सगळ्या विद्यापीठाचा प्रवेश बंद होतो. शोधनिबंधांचा मोठा संच विश्लेषणासाठी हवा असेल तर ग्रंथालयात या, आम्ही प्रकाशकाकडून मागून देऊ.' शेवटचं वाक्य कृपया गाळू नका.

पाटीपेन्सिल, मंगळवार दुपारी ३.०१

चाफेकळी, कारण पटलं. पण एक विचारते, मनापासून. जनतेच्या पैशातून झालेलं संशोधन कुलुपात ठेवायचं आणि वर आपण पोरांना सांगायचं की जास्त घेऊ नका, हे तुम्हाला बरोबर वाटतं का?

चाफेकळी, मंगळवार दुपारी ३.४०

नाही वाटत. मी २० वर्षं हे बिल भरताना बघतेय, मला ते कुणापेक्षाही जास्त सलतं. शक्य तिथं मुक्त प्रवेशाची नियतकालिकं आम्ही आवर्जून दाखवतो, शोधगंगा या संकेतस्थळावरचे पीएचडीचे प्रबंध तर कुणालाही खुले आहेत. ती लढाई लढावी. पण लॅबमधल्या मशिनवरून रात्री प्रोग्रॅम सोडला की भोगतं कोण? प्रकाशक नाही, सोमवारी दारात उभी असलेली ती मुलगी.

पाटीपेन्सिल, मंगळवार दुपारी ३.५५

मान्य. आता माझा अनुभव, अगदी बारीक आहे पण रोजचा. मी मराठी विभागाची. आमच्या लॅबमध्ये कुणी मराठी कळफलक चालू करतं आणि तसाच सोडून जातं. पुढची येते, पासवर्ड टाइप करते, चुकला. परत, चुकला. पडद्यावर नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे आपण देवनागरीत टाइप करतोय हे कळतच नाही. तिसऱ्यांदा चुकला की खातं अर्धा तास बंद. अंतर्गत परीक्षेच्या दिवशी माझ्या मैत्रिणीचं असंच झालं, ४० मिनिटांच्या परीक्षेतली पंचवीस गेली.

यावर आमच्या सरांनी 'मराठी कळफलक लावू नये' असा नियम केला. मराठी विभागात! मला त्याचं फार दुःख झालं. प्रत्येक मशिनवर इन्स्क्रिप्ट हा मराठी कळफलक असलाच पाहिजे, फक्त उठताना इंग्रजीवर आणून ठेवा आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातली भाषेची खूण बसल्याबसल्या आधी बघा, एवढं शिकवलं तर पुरतं. आणि युनिकोडच, म्हणजे कुठल्याही मशिनवर नीट वाचता येणारी अक्षरं, वापरा हेही लिहा. जुन्या फॉन्टात केलेला मजकूर दुसऱ्या मशिनवर उघडला की नुसती चिन्हं दिसतात. कितीजणींचे प्रकल्प असे अडकलेत.

लॅबकर, मंगळवार रात्री १०.१०

पाटीपेन्सिल, हे मी रोज बघतो आणि तरी कधी लिहायचं सुचलं नाही. कॅप्स लॉकचंही तसंच.

माझ्याकडचं पेनड्राइव्हचं सांगतो, कारण कलम ४ त्यावर आहे. २०११-१२ च्या सुमाराला लॅबमध्ये एक व्हायरस होता. पेनड्राइव्ह उघडला की 'न्यू फोल्डर' दिसायचा. पिवळं चित्र अगदी फोल्डरचं, पण तो फोल्डर नसून प्रोग्रॅम. खरे फोल्डर तो लपवून ठेवायचा आणि त्याच नावाचे खोटे समोर मांडायचा. मुलगा डबल क्लिक करणार, मशिनला व्हायरस लागला. त्या मशिनवरून पुढचा पेनड्राइव्ह, तिथून झेरॉक्सच्या दुकानातलं मशिन, तिथून वसतिगृह. मुलं रडत यायची की प्रबंध उडाला. उडालेला नसायचा, लपलेला असायचा. आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून एक आज्ञा दिली की सगळे फोल्डर परत दिसायचे. त्या काळात मी रोज दहा-दहा पेनड्राइव्ह असे मोकळे करून दिलेत. ओळख पटायची खूण साधी: फाइलींची पूर्ण नावं दिसतील असं सेटिंग ठेवायचं, मग फोल्डरच्या नावापुढे 'ईएक्सई' दिसलं की हात मागे घ्यायचा. आमच्या सगळ्या मशिनांवर तेव्हापासून ते सेटिंग आहे.

तरी पेनड्राइव्हवर बंदी घालणं मला आता पटत नाही. ज्याच्या फोनमध्ये डेटा पॅक नाही त्यानं काम न्यायचं कसं? दाराजवळच्या एका मशिनवर तपासून घ्या आणि मग कुठंही लावा, असं करतोय.

दुसरं म्हणजे डेस्कटॉप. १७ नंबरची रांग सोडून आमच्या मशिनांवर असं सॉफ्टवेअर आहे की मशिन बंद करून चालू केलं की डिस्क होती तशी मूळ जागी येते. व्हायरस आला तरी जातो, म्हणून ते फार उपयोगाचं. पण डेस्कटॉपवर ठेवलेली फाइलही जाते. दोन वर्षांपूर्वी एका मुलानं दिवसभर बसून सर्वेक्षणाच्या ११२ प्रश्नावल्या भरल्या आणि डेस्कटॉपवर ठेवून जेवायला गेला. शिपाईमामांनी दुपारी मशिनं बंद केली. परत आला तेव्हा पडदा स्वच्छ. कागदावर लिहिलं होतं 'डेस्कटॉपवर फाइल ठेवू नये'. त्याला वाटलं, पसारा होतो म्हणून लिहिलं असेल. तिथं 'मशिन बंद होताच फाइल कायमची जाईल' असं असतं तर त्यानं ठेवली असती का?

उंबरठा, बुधवार सकाळी ९.२५

सगळं वाचलं. आता जे कुणी बोललं नाही ते सांगते. मी विद्यार्थिनी असताना संध्याकाळी सहानंतर लॅबमध्ये जाणं सोडलं होतं, कारण मागच्या रांगेतला एकजण नको ते बघत बसायचा आणि आम्ही बघतोय की नाही हे वळून बघायचा. नियमांच्या कागदावर 'अश्लील संकेतस्थळे पाहू नयेत' होतं. पण हे सांगायचं कुणाला? शिपाईमामांना? तिथं एकही नाव नव्हतं, एकही नंबर नव्हता. तीन महिने मी लॅबमध्ये गेले नाही, प्रकल्प मैत्रिणीच्या घरी केला. तो मात्र रोज बसायचा.

युजीसीच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. तिचा नंबर लॅबच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा. जिच्या पत्त्यावरून मेल पाठवली गेली त्या मुलीचं प्रकरणही तिथं जाऊ शकतं, तिला कुणी हे सांगितलंय का? आणि टेबलं अशी लावा की पडदे भिंतीकडे पाठ करून राहतील, दारातून सगळे दिसतील. मुलींना आपला पडदा मागून कुणी वाचतंय ही भीतीही असते, तेव्हा दोन रांगांत जागा ठेवा.

लॅबकर, बुधवार सकाळी ९.५०

ताई, तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही. आज विभागातल्या मॅडमना सोबत घेऊन तिच्याशी बोलतो.

सातासमुद्रा, बुधवार रात्री ११.३०

मी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात नोकरी करतो. ऑल्बनीतल्या कॉलेज ऑफ सेंट रोझमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये जे झालं ते इथल्या भारतीय मंडळींत बरंच बोललं गेलं. तिथंच एमबीए केलेल्या एका भारतीय तरुणानं यूएसबीत खुपसायचं एक उपकरण आणलं, जे पोर्टमधून जोराचा विजेचा झटका देऊन मशिन जाळतं. त्यानं ते एकामागून एक ६६ संगणकांना लावलं आणि फोनवर स्वतःच चित्रण केलं. नुकसान ५८,४७१ डॉलर. १२ महिने कैद झाली आणि ती रक्कम भरून द्यावी लागली. त्यानं हे का केलं, ते मला आजवर कळलेलं नाही. पण मनात येतं ते त्या ६६ खुर्च्यांवर दुसऱ्या सकाळी येऊन बसणाऱ्यांचं.

नियमांबद्दल एकच. माझ्या विद्यापीठात खुर्चीवर दप्तर ठेवून गेलात तर १५ मिनिटांनी जागा दुसऱ्याची. पडदा लॉक करून दोन तास गायब होणाऱ्यांवर याचा चांगला उपाय झाला. मशिन आपोआप लॉगआउट करायचं आणि त्याआधी काम जपून ठेवायचं. लॅबमध्ये ४० मशिनं आणि सत्राअखेर रांग असेल तर हे लागेलच.

माळरान, गुरुवार सकाळी ८.१०

सहमत. आणि दादा, फोन चार्जिंग. आमच्याकडे पोरं मशिनचा प्लग काढून चार्जर लावायची, कधी शेजारचं चालू मशिन बंद पडायचं. चार्जिंगला वेगळा बोर्ड दिलात तर कुणी मशिनच्या प्लगला हात लावणार नाही.

लॅबकर, शनिवार संध्याकाळी ७.००

मसुदा झाला. विभागप्रमुखांनी दोन बैठका घेतल्या आणि जवळजवळ सगळं मान्य केलं. पूर्ण कागद इथं चिकटवत नाही, महत्त्वाचं सांगतो.

कागदाचे दोन भाग केले. डावीकडे लॅबनं काय करायचं: प्रत्येकाला स्वतंत्र खातं, पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलणं सक्तीचं, १७ नंबरच्या रांगेला यूपीएस, मराठी कळफलक सगळीकडे, चार्जिंगचा वेगळा बोर्ड, दर सत्राला धूळ साफ, नोंदी १८० दिवस आणि त्यात काय असतं त्याचा खुलासा. २२ मशिनं विंडोज ११ घेत नाहीत आणि विंडोज १० ला कंपनीचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्यांवर लिनक्स टाकतोय. हेही डावीकडे लिहिलंय, कारण जुन्या विंडोजवर पोरांना बसवून वर 'सुरक्षेची काळजी घ्या' म्हणता येत नाही.

उजवीकडे विद्यार्थ्यांनी काय करायचं. पहिलं वाक्य माळरान यांचं: अर्ज, शिष्यवृत्ती, नोकरीचं काम इथं जरूर करा, तासाच्या वेळी तासाला प्राधान्य. मग मेल खाजगी विंडोत उघडा, उठताना ती बंद करा. वीज गेली आणि निघावं लागलं, तर घरी पोचून फोनवरून खात्याच्या सुरक्षेत जा आणि या मशिनवरचं लॉगिन तिथूनच काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅप असेल तर जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून काढा. कसं करायचं त्याची चित्रं प्रत्येक रांगेत लावली आहेत. चाफेकळी यांचं कलम शेवटच्या वाक्यासकट आहे. चपलांचं कलम काढलं. पाण्याची बाटली दप्तरात चालेल, टेबलावर नको, कारण कळफलकात पाणी गेलेली तीन मशिनं याच वर्षी बदलली. तक्रार समितीचा नंबर दारावर, सगळ्यात वर.

कलम ११ गेलं.

त्या मुलीची तक्रार समितीकडे गेली आहे. मेल कुणी पाठवली ते अजून कळलेलं नाही. पण विभागप्रमुखांनी वर्गातल्या त्या ६२ जणांना लेखी कळवलं की लॉगिन सामायिक असल्यामुळे ती मेल तिनं पाठवली असं म्हणायला काहीही आधार नाही, आणि त्रुटी विभागाची होती.

काल ती लॅबमध्ये आली. नवीन खातं घेतलं, पासवर्ड बदलला, मेल उघडली, बंद केली. मग मला म्हणाली, 'सर, १७ नंबरचा प्लग काढू का एकदा?' मी हो म्हटलं. तिनं प्लग काढला, पुन्हा लावला, मशिन चालू केलं. मग मला माझ्या खात्यातून लॉगिन करून ब्राउझर उघडून बघायला सांगितलं. तिची मेल उघडली नाही. तिनं वहीत वेळ लिहिली आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली.